दुपारचा उपग्रह आणि संध्याकाळचा धूर

पंजाब व हरियाणा या दोन राज्यांत भाताची धसकटे जाळण्याच्या घटना 2022 च्या मानाने सुमारे 90 टक्क्यांनी घटल्या, अशी ग्वाही केंद्र सरकारने 2025 च्या डिसेंबरात संसदेत दिली. त्याच पंधरवड्यात राजधानीची हवा ‘गंभीर’ या वर्गात जाऊन बसली होती आणि धुरक्यामुळे विमाने व आगगाड्या खोळंबल्या होत्या. सरकारने दिलेली आकडेवारी खोटी नव्हती. 15 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर या काळात पंजाबात उपग्रहांनी टिपलेल्या आगींची संख्या 2020 मध्ये 83,002 होती. 2022 मध्ये ती 49,922 वर आली, 2023 मध्ये 36,663 झाली, 2024 मध्ये एकदम 10,909 वर घसरली आणि 2025 मध्ये अवघी 5,114 राहिली. पाच वर्षांत आगी सोळाव्या हिश्शावर आल्या! लक्षावधी शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट इतक्या अल्पावधीत पालटल्याचे उदाहरण या देशाच्या कृषी-इतिहासात शोधून सापडणार नाही. हा आकडा पाहून समाधान मानावयाचे की साशंक व्हावयाचे, हे ठरविण्यापूर्वी मुळात मोजले काय जाते, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एक प्रयोगशाळा हंगामात दररोज या आगींचे पत्रक काढते. त्यासाठी वापरली जाणारी कार्यपद्धती भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ठरवून दिलेली असून, 2021 पासून राजधानी क्षेत्राच्या हवा गुणवत्ता आयोगाने तीच प्रमाण मानली आहे. या पत्रकाचा मुख्य आधार म्हणजे ध्रुवीय कक्षेतून फिरणारे अमेरिकी उपग्रह. त्यांतील सुओमी एनपीपी हा उपग्रह 2011 मध्ये सोडला गेला आणि त्याची भावंडे 2017 व 2022 मध्ये त्याच्या पाठोपाठ गेली. सुमारे 825 किलोमीटर उंचीवरून जाताना त्यांच्यावरील उपकरण तीन हजार किलोमीटर रुंदीचा पट्टा एका दमात न्याहाळते. जमिनीवर ज्वाळा असल्या की अवरक्त किरणांच्या एका विशिष्ट पट्टीत ती जागा भोवतालापेक्षा कित्येक पटींनी उजळ दिसते आणि नकाशावर एक लाल ठिपका उमटतो. एका ठिपक्यामागे असलेला चित्रबिंदू 375 मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण 14 हेक्टरांचा असतो. त्यात एक शेत पेटलेले असो वा चार, नोंद एकच होते. इतक्या दूरवरून इतकी बारकाई साधावी हे विज्ञानाचे कौतुक करण्याजोगे यश आहे, यात शंका नाही.

परंतु या दृष्टीला एक मर्यादा आहे आणि ती तिच्या जन्माबरोबरच आलेली आहे. हे उपग्रह सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतात, म्हणजे पृथ्वीवरील कोणत्याही गावावरून ते रोज ठराविक स्थानिक वेळेलाच जातात. सुओमी एनपीपी आणि त्याची भावंडे ही वेळ पाळतात ती दुपारी व रात्री दीडच्या सुमारास. रात्री सहसा कोणी शेत पेटवीत नाही. तेव्हा पंजाबच्या साऱ्या शेतीवर आकाशातून पहारा चालतो तो दुपारच्या एका लहानशा अवधीत. भाताचे शेत अर्ध्या-पाऊण तासात जळून जाते. चार वाजता पेटलेले शेत साडेचारला थंड होते आणि रात्री दीड वाजता येणाऱ्या पाहुण्याला काळ्या जमिनीखेरीज काही दिसत नाही. ज्वाळा मोजणाऱ्या यंत्राला काळी जमीन म्हणजे विझलेली, अर्थात न घडलेली आग.

शास्त्रज्ञांना ही मर्यादा पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. लोक आपापल्या सोयीने दिवसभर आगी लावीत तोवर तिने फारसे बिघडतही नव्हते. दुपारच्या मोजणीत सापडलेला हिस्सा दरवर्षी साधारण तेवढाच असेल, तर एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता येते. शितावरून भाताची परीक्षा करण्याचाच हा प्रकार. मात्र शिजलेली शिते कोणत्या बाजूने उचलली जाणार हे स्वयंपाक्याला आधी कळले, म्हणजे परीक्षेचा अर्थ उरत नाही. गेल्या काही वर्षांत नेमके हेच घडले. मोजणीचा उपयोग केवळ अभ्यासासाठी न राहता शिक्षेसाठी होऊ लागला. नकाशावरील ठिपक्याचे अक्षांश-रेखांश तलाठ्याकडे, म्हणजे तिकडच्या पटवाऱ्याकडे येतात आणि त्यावरून दंड बसतो. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने हा दंड दुप्पट केला. दोन एकरांच्या आतील शेतकऱ्यास 5,000 रुपये, पाच एकरांपर्यंत 10,000 आणि त्यापुढे 30,000 रुपये. शिवाय पोलिसात गुन्हा आणि जमिनीच्या कागदपत्रांत ‘लाल नोंद’. जमिनीच्या उताऱ्यावर असा शेरा बसला की त्या जमिनीवर कर्ज काढणे वा ती गहाण टाकणे अवघड होऊन बसते, हे सातबाऱ्याशी संसार बांधलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगावयास नको.

इतका धाक असूनही शेतकरी काडी का ओढतो? या प्रश्नाचे उत्तर पाण्यात आहे. भूजलाची पातळी झपाट्याने खाली जाऊ लागली म्हणून पंजाब सरकारने 2008 मध्ये वटहुकूम आणि 2009 मध्ये कायदा करून भाताची लावणी 10 जूनच्या आधी करण्यास बंदी घातली. 2018 मध्ये ही तारीख आणखी पुढे, 20 जूनवर ढकलण्यात आली. हेतू स्तुत्य होता. उन्हाळ्याच्या काहिलीत शेते तुडुंब भरून ठेवण्याऐवजी पावसाच्या आगमनाशी लावणी जुळावी, हा त्यामागील विचार होता. पण लावणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते. गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आटोपलीच पाहिजे, कारण त्यापुढचा प्रत्येक दिवस उताऱ्याला कात्री लावतो. या दोन पिकांच्या मध्ये शेतकऱ्याच्या हाती दोन-तीन आठवडे उरतात, कित्येकांच्या हाती तेवढेही उरत नाहीत. कापणी-मळणी यंत्र ओंब्या काढून घेते आणि मागे गुडघाभर धसकटे व मोकळा पेंढा टाकून जाते. राज्यभरात असा सुमारे 2 कोटी टन पेंढा निघतो. गव्हाचा भुसा गुरांना चालतो, पण बासमतीखेरीज इतर भाताचा पेंढा सिलिकेमुळे खरखरीत असतो आणि तिकडची गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. उरला स्वस्तातला उपाय, तो काडेपेटीचा.

पाणी वाचविण्याच्या कायद्याने आगींचा हंगाम असा ऑक्टोबरच्या आरंभापासून ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरात आणून ठेवला आणि हा काळ हवेच्या दृष्टीने वर्षातील अत्यंत वाईट. पावसाळी वारे परतलेले असतात, थंडी पडू लागते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार अशी उलटी उतरंड तयार होते आणि धुराला वर जाण्याचा मार्ग बंद होतो. मग वायव्येकडून येणारा मंद वारा तो धूर हिमालयाच्या पायथ्याला समांतर असा गंगेच्या खोऱ्यात लोटू लागतो. अमृतसर-संगरूरकडचा धूर एक-दोन दिवसांत दिल्लीवर येतो आणि तेथून कानपूर-पाटण्याच्या दिशेने पसरत जातो. वारा फिरला तर लाहोरचा धूर इकडे आणि इकडचा लाहोरकडे. 2024 च्या नोव्हेंबरात लाहोरला हवेच्या निर्देशांकाने हजाराची मर्यादा ओलांडली आणि शाळा बंद कराव्या लागल्या, तेव्हा दोन्ही पंजाबांवर पसरलेली एकच करडी चादर उपग्रहांच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होती. तिच्यात वाघ्याची सीमारेषा कोठे आहे ते कोणालाही दाखविता आले नसते.

आगींचे आकडे खाली येत असता ही चादर का विरत नाही, हा प्रश्न त्याच सुमारास ऐरणीवर आला. अमेरिकेच्या नासा संस्थेत काम करणारे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी 2024 च्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियाच्या एका भूस्थिर उपग्रहाची चित्रे पुढे ठेवली. भूस्थिर उपग्रह 36,000 किलोमीटर उंचीवर एकाच जागी ठाण मांडून असतो आणि हा कोरियन उपग्रह दर दहा मिनिटांनी पृथ्वीचा अर्धा गोल टिपतो. दुपारचे उपग्रह निघून गेल्यानंतर पंजाबवर धुराचे लोट उसळताना त्या चित्रमालिकेत दिसत होते. शेतकऱ्यांना उपग्रहाचे वेळापत्रक कळले आहे, एवढाच तिचा अर्थ होता. ते त्यांना कळावयास अंतराळविज्ञान शिकण्याची गरज नव्हती. दुपारी जाळणाऱ्या शेजाऱ्याला दंड झाला आणि सायंकाळी जाळणारा सुटला, एवढे शिक्षण पुरेसे आहे. महसूल खात्यातील माणसेच चार वाजल्यानंतर जाळण्याचा सल्ला देतात, ही बातमीही सर्वोच्च न्यायालयाच्या कानावर गेली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने भूस्थिर उपग्रहांची माहिती मिळवून दिवसभराचे चित्र समोर ठेवण्यास सांगितले.

पुढील वर्षी आकडा आणखी निम्म्यावर आला आणि मोजणीची वेळ मुख्यतः होती तीच राहिली. धूर संध्याकाळचा आणि पाहणी दुपारची, असा हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरीचा कारभार. दिल्लीतील ‘आयफॉरेस्ट’ या संस्थेने डिसेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात युरोपच्या भूस्थिर उपग्रहाच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी तपासल्या. 2021 मध्ये पंजाबातील मोठ्या आगींपैकी दुपारी तीननंतरच्या आगी सुमारे तीन टक्के होत्या. 2024 व 2025 मध्ये त्यांचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेले. त्याच अहवालात जळालेल्या जमिनीचे क्षेत्रही मोजले आहे. 2022 मध्ये ते सुमारे 31,000 चौरस किलोमीटर होते, 2025 मध्ये 20,000 च्या आसपास. आगींची संख्या 90 टक्क्यांनी घटली आणि जळालेली जमीन 37 टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधील तफावत म्हणजे दुपारनंतर लागलेल्या आगी.

एक-तृतीयांशाहून अधिक घट ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. 2018 पासून केंद्राच्या योजनेतून धसकटांतच गहू पेरणारी यंत्रे सवलतीने दिली गेली. पेंढ्याच्या गठ्ठ्या बांधून वीजकेंद्रांना पुरविण्याचा धंदा उभा राहू लागला. सुमारे 160 दिवस घेणाऱ्या पुसा 44 या वाणाच्या जागी महिनाभर लवकर निघणारे पीआर 126 हे वाण पसरले. या सर्वांचा परिणाम झालाच. 2025 मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या महापुरात लाखो एकरांवरील भात वाहून गेले, तेव्हा त्या वर्षीच्या घटीतील काही वाटा पुराचाही आहे. तो सरकारी यशाच्या खात्यावर जमा होऊ नये. परंतु जे खरोखर साधले ते सांगण्याऐवजी त्याच्या अडीचपट सांगितले गेले, हे येथे महत्त्वाचे. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे यंत्राचे डोळे मिटलेले असताना शेत पेटते आणि मिटलेल्या डोळ्यांनी पाहिलेले संसदेत सांगितले जाते.

हा निव्वळ आकड्यांचा वाद असता तर तो तज्ज्ञांवर सोपविता आला असता. पण याच आकड्यांवर दिल्लीच्या धुरक्यात कोणाचा किती वाटा, याचा हिशेब बेतलेला आहे. पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2021 पासून अशी एक निर्णय-साहाय्य प्रणाली चालविली आहे. वाऱ्याचे वेग व दिशा, निरनिराळ्या उगमांतून बाहेर पडणाऱ्या धुराची यादी आणि उपग्रहांनी टिपलेल्या आगी यांची सांगड घालून, अमुक दिवशी दिल्लीच्या हवेतील सूक्ष्म कणांपैकी इतके टक्के धसकटांचे, इतके वाहनांचे, इतके शेजारच्या जिल्ह्यांचे, असे ती सांगते. काही मोजक्या दिवशी धसकटांचा वाटा एक-तृतीयांशाच्या घरात जातो, बहुतेक दिवशी तो एक आकडी असतो. हे काम कठीण आणि मोलाचे आहे. मात्र आगींची मोजणीच दुपारपुरती असेल तर गणित कितीही निर्दोष असो, धसकटांचा वाटा कमीच निघणार. उत्सर्जनाच्या यादीतील माहितीही काही वर्षांची जुनी होती आणि 2024 च्या अखेरीस या प्रणालीच्या अचूकतेवरून वाद झाला, तेव्हा तिचे अंदाज काही दिवस थांबवावे लागले.

म्हणजे एका चुकीच्या आकड्याने दोघांवर अन्याय होतो. एका बाजूला धूर खरोखर संपला आहे असे समजून पंजाबकडे लक्ष देण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या बाजूला ‘आगी 90 टक्के घटल्या तरी दिल्लीची हवा तशीच’ या वाक्यातून, धसकटांचा धुरक्याशी संबंधच नव्हता, असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो आणि त्याला पंजाबातील पुढारी दुजोरा देतात. डिसेंबर-जानेवारीत पंजाबात एकही शेत जळत नाही तेव्हाही दिल्ली गुदमरते, हे खरे आहे. मोटारी, कारखाने, धूळ, कचऱ्याचे ढीग आणि कोळशाची वीजकेंद्रे यांचे पाप कोणाच्या धसकटांवर ढकलता येणार नाही. पण नोव्हेंबरचा अपराध नोव्हेंबरचा आणि जानेवारीचा जानेवारीचा. प्रत्येकाचा वाटा ठरवावयाचा तर साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा.

तर मग भूस्थिर उपग्रहच का नेमू नये? भारताचे स्वतःचे इन्सॅट मालिकेतील उपग्रह आहेत आणि ते दर अर्ध्या तासाने देशाचे चित्र घेतात. अडचण आहे ती बारकाईची. इतक्या उंचीवरून अवरक्त पट्टीत इन्सॅटचा चित्रबिंदू चार किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे 1,600 हेक्टरांचा होतो. त्यात दोन-चार एकरांची आग म्हणजे तळ्यात टाकलेला खडा. कोरियन उपग्रहाची नजर अधिक बारीक, पण तो 128 अंश पूर्वेला उभा राहून पंजाबकडे तिरपा पाहतो. युरोपचा उपग्रह मोठ्या आगी पकडतो आणि बारक्या सोडतो. म्हणून ज्वाळांच्या मागे धावणे सोडून त्यांनी मागे ठेवलेल्या दोन गोष्टी मोजणे अधिक शहाणपणाचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे काळी पडलेली जमीन. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह दहा-वीस मीटरांच्या बारकाईने ती दाखवितात. पाच दिवसांतून एकदा येत असले तरी चालते, कारण काळा डाग दुपार-संध्याकाळ असा भेद करीत नाही. मात्र नांगर फिरला की तोही पुसला जातो, त्यामुळे मोजणी हंगामात सतत करावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे धूर स्वतः. हवेच्या संपूर्ण स्तंभातून प्रकाश किती अडतो, हे उपग्रह मोजू शकतो. कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइड यांचे पट्टेही 2017 पासून एका युरोपीय उपग्रहाच्या उपकरणातून रोज उमटतात. यांतही फसगतीच्या जागा आहेत. धूर जमिनीलगत आहे की दोन किलोमीटर वर, हे स्तंभाच्या एकूण मापावरून कळत नाही आणि नाकात जाणारा धूर जमिनीलगतचाच असतो. फारच दाट झाला तर संगणक त्यालाच ढग समजून वगळतो. अत्यंत वाईट दिवसाची नोंद अशी कधी कधी कोरीच राहते! म्हणून जमिनीवरील मापनकेंद्रांना पर्याय नाही, आणि ती दिल्लीत जितकी दाट आहेत तितकीच संगरूर, मानसा, भटिंडा येथे विरळ आहेत. आग लागते तेथील माणूस किती धूर गिळतो, हे आज सर्वांत कमी मोजले जाते. पंजाबातील शेतकरी दिल्लीला धूर पाठविण्यापूर्वी तो स्वतः, त्याची मुले आणि त्याची म्हातारी माणसे छातीत भरून घेतात.

महाराष्ट्राने याकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहू नये. उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटविले जाते. मजूर मिळेनासे झाले की उभा ऊस जाळून तोडण्याचा प्रकारही घडतो आणि ‘जळीत’ म्हणून कारखाना भावात कपात करतो. चैत्र-वैशाखात मेळघाट आणि गडचिरोलीच्या जंगलांतील वणवे याच उपग्रहांवरून टिपले जातात आणि वन सर्वेक्षण विभागाचा इशारा वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतो. कोकणात पेंढा गुरांसाठी राखतात, पण रोपांसाठी राब भाजण्याचा प्रघात आहेच. वणवा, पाचट आणि राब यांत उपग्रहाला फरक कळत नाही. त्याला दिसते ती उष्णता. तीही तो डोक्यावर असेल तेव्हाच.

आगींचा माग ठेवणाऱ्या जुन्या उपग्रहांपैकी टेरा 1999 मध्ये आणि अक्वा 2002 मध्ये सोडला गेला होता. पंजाबच्या आगींची दोन दशकांहून अधिक काळाची सलग नोंद मुख्यतः त्यांच्यामुळे उपलब्ध आहे. इंधन संपत आल्याने जानेवारी 2022 मध्ये अक्वाने आपली ठरलेली रांग सोडली आणि तेव्हापासून त्याची फेरी दरवर्षी थोडी उशिराने होऊ लागली. पूर्वी दुपारी दीडच्या सुमारास पंजाबवरून जाणारा हा म्हातारा उपग्रह, कोणी तसे ठरविले नसता, तिन्हीसांजेच्या आगींकडे हळूहळू सरकत गेला.